वास फोटोत येत नाही

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा असतो, हे मला ऑनलाइन घेतलेली जुनी गाडी दारात येऊन उभी राहिल्यावर कळलं. ओळखीच्या मेकॅनिकने ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट धरला आणि ओढत गेला, ओढत गेला. रोजच्या वापरात बाहेर येतो तेवढा पट्टा स्वच्छ होता, नीट धुतलेला. त्याच्यापुढचा, जो एरवी आत गुंडाळलेला राहतो, त्या भागावर मातकट रंगाची आडवी रेघ होती आणि रेघेच्या पलीकडे वाळलेला गाळ. त्याने त्यावरून बोट फिरवलं, बोट माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "ताई, ही गाडी पाण्यात होती."

मग त्याने सीट मागे सरकवली आणि टॉर्च मारला. सीटचे बोल्ट गंजलेले. कार्पेटचा कोपरा उचलला तर खालचा फोम अजून ओलसर. गाडी आली त्या दिवशी दार उघडल्याबरोबर एअर फ्रेशनरचा भपकारा आला होता आणि त्याच्यामागे काहीतरी कुबट. गाडी बरेच दिवस बंद असेल म्हणून मी मनाची समजूत घातली होती. तो कुबट वास या फोमचा होता.

आता गाडी विकणाऱ्या ऑनलाइन कंपनीचा तपासणीचा रिपोर्ट बघा. पानंच्या पानं हिरव्या टिका. सीट बेल्ट: टिक. इंटिरिअर: टिक. इलेक्ट्रिकल: टिक. "पाण्यामुळे नुकसान" या ओळीसमोर: "आढळले नाही". कुणी पाहिलं? काय पाहिलं? बेल्ट खटकन लागला की टिक, काच खालीवर झाली की टिक, एवढंच केलं असेल तर त्याला तपासणी म्हणू नका. आणि गाळ दिसूनही टिक मारली असेल, तर ही सरळसरळ फसवणूक आहे. तिसरी शक्यता मला तरी सुचत नाही.

लोक मला म्हणतायत, "न बघता गाडी घेतलीस कशाला?" या प्रश्नानेच माझं डोकं सगळ्यात जास्त फिरतं. मी बघितली होती! त्यांनी जेवढी दाखवली तेवढी सगळी बघितली. प्रत्येक फोटो मोठा करून बघितला, बोटाने गाडी गोल फिरवून बघितली, दाराच्या कडा बघितल्या, बंपरवरचे ओरखडे मोजले. रिपोर्ट दोनदा वाचला. प्रत्यक्ष बघता येईल का, असं मी लेखी विचारलंसुद्धा. उत्तर आलं, गाडी गोदामात आहे, तिथे ग्राहकांना प्रवेश नाही, आणि आमची तपासणी कुठल्याही टेस्ट ड्राइव्हपेक्षा काटेकोर असते. हे माझ्याकडे लिहिलेलं आहे. बघायची सोय तुम्ही काढून घेतलीत, त्याच्या बदल्यात तुमचा शब्द दिलात. तो शब्द खोटा निघाल्यावर चूक माझी कशी?

जुन्या गाडीच्या बाजारात विकणाऱ्याला सगळं माहीत असतं आणि घेणारा अंधारात असतो, ही गोष्ट काही आजची नाही. जॉर्ज अकेरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच बाजाराचं उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला. वाईट गाडी ओळखता येत नसेल तर लोक चांगल्या गाडीलाही चांगली किंमत द्यायला धजत नाहीत, मग चांगल्या गाड्यांचे मालक बाजारातून निघून जातात आणि मागे गाळच उरतो, असं त्याचं म्हणणं. या विषयावरच्या कामासाठी त्याला २००१ साली नोबेल मिळालं, आणखी दोघांबरोबर. म्हणजे दुखणं कुठे आहे ते इतकी वर्षं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या अंधारात घेणाऱ्याच्या हातात जी चार साधनं होती, नाक, कान, हात आणि ओळखीचा मेकॅनिक, तीच या ऑनलाइनवाल्यांनी काढून घेतली आणि त्याला "सोय" असं नाव दिलं.

कारण फोटोत काय कळतं? रंग, आकार आणि टायरची नक्षी. टायर तरी कळतात का? टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. २३१७ असेल तर २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. माझ्या गाडीच्या चारही टायरचे फोटो होते, छान जवळून काढलेले, आणि एकातही ते आकडे नव्हते. नक्षी खोल दिसते, पण रबर म्हातारं झालेलं असतं, बारीक चिरा पडलेल्या असतात. प्रत्यक्ष खाली वाकून बघितलं की दहा सेकंदांत कळतं.

थंड इंजिन पहिल्यांदा सुरू करताना कसा आवाज येतो, हे फोटोत येत नाही. विकणारा व्हिडिओ काढायच्या आधी इंजिन गरम करून ठेवू शकतो, म्हणून जाणकार माणूस आधी बॉनेटवर हात ठेवून बघतो. सायलेन्सरमधून निळसर धूर आला तर ऑइल जळतंय, पांढराफटक दाट धूर येतच राहिला तर बहुतेक इंजिन थंड ठेवणारं कूलंट आत जातंय. क्लच कुठे पकडतो, ब्रेक दाबल्यावर स्टीअरिंग एका बाजूला ओढतं का, वेग वाढल्यावर चाकातून घरघर येते का, हे रस्त्यावर पंधरा मिनिटं चालवल्याशिवाय कुणालाही, अगदी कुणालाही सांगता येणार नाही.

आणि किलोमीटर! मीटरवरचा आकडा ही त्यांच्या जाहिरातीतली सगळ्यात ठळक ओळ असते. डिजिटल मीटर मागे फिरवता येत नाही असं मला वाटायचं. फिरवता येतो. म्हणून पेडलचं रबर किती झिजलंय, स्टीअरिंगचं लेदर कुठे गुळगुळीत झालंय, ड्रायव्हरची सीट किती बसलीय, ते बघायचं असतं आणि सर्व्हिसच्या जुन्या नोंदींशी आकडा ताडायचा असतो. पेडलचा फोटो मी मागितला होता. आला नाही.

मेकॅनिकने गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाड वाचणारा स्कॅनर लावला तेव्हा एकही एरर नव्हता, आणि मला क्षणभर हायसं वाटलं. पण तो स्क्रीनकडेच बघत होता. गाडी स्वतःच्या काही चाचण्या चालता चालता करत असते, आणि एरर पुसले किंवा बॅटरी काढली की त्या चाचण्याही "अपूर्ण" होतात. बरंच चालवल्यावर त्या पुन्हा पूर्ण होतात. माझ्या गाडीत बहुतेक सगळ्या अपूर्ण होत्या. म्हणजे पाटी नुकतीच कोरी केलेली.

पाण्यात गेलेली गाडी एका दिवसात बंद पडत नाही, हाच तिचा सगळ्यात वाईट गुण. ती धुऊन पुसून चकचकीत होते, फोटोला उभी राहते, आणि वायरिंगच्या जोडांमधला गंज सावकाश वाढत राहतो. आज काच अडकते, महिन्याने डॅशबोर्डवर दिवा लागतो. बऱ्याच गाड्यांमध्ये एअरबॅगचा कंट्रोलर दोन सीटांच्या मधोमध, अगदी तळाशी असतो. म्हणजे पाणी आत शिरलं की तोही बुडण्याची शक्यता असते. अपघात झाला तर ती एअरबॅग उघडेल का? मला हे कोण सांगणार आहे? कस्टमर केअरवरचा मुलगा?

त्याने सांगितलं, "मॅडम, वापरलेल्या गाडीत थोडा वास सर्वसाधारण असतो." बेल्टचा फोटो पाठवला तर म्हणाला, डाग डिलिव्हरीनंतर पडलेला असू शकतो. डिलिव्हरीनंतर! आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर, सरळ रेघेत! गाडी परत करायला सात दिवस होते. मी तिसऱ्या दिवशी तक्रार केली. त्यांचा माणूस नवव्या दिवशी आला, दहा मिनिटं फोनवर फोटो काढले आणि गेला. दुसऱ्या दिवशी मेसेज: परतीची मुदत संपलेली आहे. उशीर त्यांनी करायचा आणि मुदत माझी संपायची. रागाने माझे हात थरथरत होते तो मेसेज वाचताना.

नवी गाडी ऑनलाइन घेतली तर काही बिघडत नाही, असं काहींचं म्हणणं. पाण्याचा धोका नसेल, मान्य. पण गाडी काय फक्त इंजिन असते? ही गाडी मी मुळात आईसाठी घेतली. तिचे गुडघे गेलेत. खूप खालची सीट असली की तिला उठता येत नाही, खूप उंच असली की चढता येत नाही. माहितीच्या तक्त्यात गाडीची लांबी, रुंदी, उंची आहे, डिकीत किती लिटर सामान मावतं तेही आहे. सीट जमिनीपासून किती उंच, हा रकानाच नाही. मी ते विचारलं तर "लवकरच कळवतो" म्हणाले, ते आजपर्यंत.

आई एकदाच बसली त्या गाडीत. एक पाय आत घेतला, दाराची वरची कड धरली, आणि बसताना शेवटच्या वीतभर धपकन खाली गेली. उतरताना मला दोन्ही हात द्यावे लागले. एखाद्या शोरूममध्ये जाऊन तिला एक मिनिट बसवलं असतं तरी हे कळलं असतं.

आज सकाळी पुन्हा फोन केला. माझी तक्रार "प्रक्रियेत" आहे. गाडी चारही काचा खाली करून उभी आहे, आतला फोम वाळावा म्हणून, आणि पॅसेंजरच्या बाजूची काच आता वर येत नाहीये.