'एसीपीआय=ऑफ टाका, लिनक्स पळेल' हे फॉरवर्ड कृपा करून पुढे पाठवू नका

काल रात्री भाचीचा फोन. "मावशी, लॅपटॉप फारच रखडतोय गं, टचपॅड पण गेलाय." सेकंड इयरला आहे, प्रोजेक्ट कंपाइल व्हायला जीव जात होता. टर्मिनलमध्ये एनप्रॉक (किती प्रोसेसर दिसतात ते सांगणारी कमांड) मारायला सांगितलं तर उत्तर आलं १. आठ थ्रेडचा प्रोसेसर आणि कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, दिसतोय एक! खोदून विचारल्यावर कळलं की ग्रुपवर आलेलं वाचून तिने ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) 'एसीपीआय=ऑफ नोएपिक' टाकलंय. फॉरवर्डमध्ये चार गोष्टी आहेत: एसीपीआय फक्त बॅटरीसाठी असतं, बायोसचे टेबल विंडोजसाठी असतात आणि लिनक्स हार्डवेअर स्वतःच शोधतो, नोएपिक म्हणजे तेच, आणि हे कायमचं टाकून ठेवा. मला खरंच राग आलाय.

फक्त बॅटरी? अजिबात नाही. एसीपीआय म्हणजे बायोसने (बोर्डवरचं मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर, म्हणजेच फर्मवेअर) हार्डवेअरची माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला टेबलमधून द्यायची पद्धत. १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबाने हे स्पेसिफिकेशन काढलं, बॅटरी हा त्यातला एक तुकडा. त्यातच एमएडीटी नावाचा टेबल असतो. कोअर-थ्रेड किती, प्रत्येकाच्या एपिकचा (इंटरप्ट, म्हणजे उपकरणांनी मारलेली हाक, घेणारा कंट्रोलर) आयडी काय, ती हाक तिथवर पोचवणारा आयओ-एपिक मेमरीत कुठल्या पत्त्यावर बसलाय, हे कर्नल बूट होताना त्यातनं वाचतो. एसीपीआय बंद केलं की कर्नल इंटेलचं जुनं मल्टिप्रोसेसर टेबल शोधतो, नव्या लॅपटॉपमध्ये ते बहुतेक नसतंच, मग एका कोअरवर गाडा ओढत बसतो. आताचे बरेच टचपॅडसुद्धा एसीपीआयमधूनच सापडतात, म्हणून तोही गेला.

सगळ्यात चुकीचं वाक्य म्हणजे 'लिनक्स स्वतः शोधतो'. पीसीआय कार्डला विचारलं तर ते सांगतं मी कोण, मान्य. पण मदरबोर्डवरची कुठली तार आयओ-एपिकच्या कुठल्या पिनला जोडलीये हे विचारायचं कुणाला? ते बोर्ड बनवणाऱ्यालाच माहीत, म्हणून तो ते फर्मवेअरमध्ये लिहून ठेवतो. एमएडीटीत दहा बाइटची एक नोंद असते, इंटरप्ट सोर्स ओव्हरराइड. पहिला बाइट २ म्हणजे प्रकार, दुसरा १० म्हणजे लांबी, मग बस ०, सोर्स ०, पुढच्या चार बाइटमध्ये २, शेवटी दोन बाइट फ्लॅग. अर्थ एवढाच की जुन्या टायमरचा आयआरक्यू (इंटरप्टचा क्रमांक) ० हा पिन ० वर नाही, पिन २ वर येतो. तुमच्या मशीनवर प्रोक-इंटरप्ट्स (/proc/interrupts) ही फाइल उघडून बघा, ० च्या ओळीत बहुधा 'आयओ-एपिक २-एज टायमर' दिसेल, तो २ या दहा बाइटमधनं आलाय. आयआरक्यू ९ ची पण अशीच नोंद असते, ती लाइन एज (सिग्नल बदलला की हाक) नाही तर लेव्हल (सिग्नल असेपर्यंत हाक) आहे हे सांगायला. हे अंदाजाने ठरवता येत नाही.

आणि विंडोजसाठी म्हणाल तर लिनक्सवर चालणारे एआरएम सर्व्हरही हाच टेबल वाचतात, फक्त त्यात एपिकच्या जागी जीआयसीच्या (एआरएमचा इंटरप्ट कंट्रोलर) नोंदी असतात. रास्पबेरी पायवर डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं लिहून दिलेलं वर्णन) असतो, पण त्यातही इंटरप्ट कंट्रोलर लिहूनच द्यावा लागतो.

नोएपिक वेगळं, एसीपीआय=ऑफ वेगळं. नावं सारखी आहेत, त्यात एमएडीटीची सही पण 'एपिक' अशीच आहे त्यामुळे गोंधळ होतो हे समजू शकते. नोएपिकने फक्त आयओ-एपिक सुटतो आणि काम ८२५९ या जुन्या इंटरप्ट कंट्रोलरच्या जोडीवर जातं, तिच्या वापरता येण्याजोग्या लाइन १५.

एक मान्य करते, नाइलाजाने. काही बायोसचे टेबल खरोखर चुकीचे असतात, आणि जुन्या उबंटूच्या इन्स्टॉलरमध्ये एफ६ दाबलं की हे पर्याय यायचे ते उगाच नव्हे. पण कर्नलच्या पॅरामीटरच्या अधिकृत यादीत बघा, 'एसीपीआय_स्किप_टायमर_ओव्हरराइड' हा पर्याय आहे आणि तिथेच लिहिलंय की तो एनफोर्स२ (एनव्हिडियाचा जुना चिपसेट) च्या बिघडलेल्या बायोससाठी आहे. म्हणजे एक नोंद चुकली तर तेवढीच एक वगळायची सोय केलीये, अख्खं एसीपीआय उडवलेलं नाही. मशीन बूटच होत नसेल तर एसीपीआय=ऑफ एकदा टाकून बघा, कुठे अडकतंय ते कळेल, मग बायोस अपडेट करा आणि ती ओळ काढा.

भाचीच्या ग्रबमधनं ती ओळ काढली, अपडेट-ग्रब मारलं, रीबूट. एनप्रॉक ८, टचपॅड चालू.