बॅग १, रिकामी

आमच्या सोसायटीच्या बोर्डावर परवा एक नोटीस लागली. ‘रात्री १० नंतर सदस्यांनी, विशेषतः महिला सदस्यांनी, सामानासह बाहेर पडताना कमिटीस पूर्वकल्पना द्यावी.’ लिफ्टसाठी उभं राहिलं की नेमकी डोळ्यांसमोर येते. त्यातलं ‘महिला सदस्यांनी’ हे अनेकवचन निव्वळ सभ्यतेपोटी आहे. ती महिला मी.

मूळ कारण भाची, माझ्या नणंदेची मुलगी. ती माद्रिदला शिकून आली आणि तिथली तिची रूममेट कोलंबियाची. त्यामुळे ३१ डिसेंबरची नेहमीची पावभाजी रद्द झाली आणि देशोदेशींच्या घरांत नवं वर्ष जसं होतं, तसं आमच्या वन बीएचकेत करायचं ठरलं.

स्पेनमध्ये रात्री बारा वाजता घड्याळाच्या ठोक्यागणिक एक द्राक्ष खातात. माद्रिदच्या पुएर्ता देल सोल चौकातल्या घड्याळाचे ठोके तीन-तीन सेकंदांनी पडतात, म्हणजे छत्तीस सेकंदांत बारा द्राक्षं पोटात. १९०९ मध्ये आलिकांतेकडे द्राक्षं उदंड पिकली तेव्हा तिथल्या बागायतदारांनी ही प्रथा देशभर पोचवली म्हणे. सासरे मूळचे नाशिककडचे, ते ऐकून एकदम गप्प झाले. मग म्हणाले, “आपल्याकडे उदंड पिकलं की भाव पडतो. प्रथा काढायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.” सासूबाईंची हरकत वेगळीच होती. बारा हा आकडाच त्यांना नको होता. बारावं-तेरावं हे काय शुभ दिवशी काढायचं? शेवटी अकरा खाऊन बारावं कावळ्याला ठेवावं अशी तडजोड पुढे आली, ती भाचीने फेटाळली. शिवाय डिसेंबरातली द्राक्षं. खरा हंगाम जानेवारीनंतरचा, त्यामुळे जी मिळाली ती महागही होती आणि आंबटही.

डेन्मार्कमध्ये मित्रांच्या दारावर जुन्या बश्या फोडतात. सासूबाईंनी स्टीलची ताटली देऊ केली. इटलीत मसूर खातात, कारण ते दाणे म्हणजे नाणी, वर्षभर पैसा येतो. आमच्याकडे मसुराची आमटी दर आठवड्याला असते आणि घराचा हप्ता अजून चालू आहे, पण असो. इटलीतच त्या रात्री लाल अंतर्वस्त्रंही घालतात. हा विषय सासऱ्यांदेखत निघाला आणि तिथेच मिटला.

कोलंबियात मात्र मध्यरात्री रिकामी बॅग घेऊन घराभोवती चक्कर मारतात, म्हणजे येत्या वर्षी भरपूर प्रवास घडतो. ही कामगिरी माझ्याकडे आली. कारण देशांची वाटणी चालली होती तेव्हा मी गॅसपाशी इटली परतत होते.

गेटवर सेक्रेटरीकाका खुर्ची टाकून बसले होते. माकडटोपी, मफलर, मांडीवर रजिस्टर. पिऊन येणाऱ्यांवर वचक म्हणून दर ३१ तारखेला ते स्वतः बसतात. काका मुंबईच्या जकात नाक्यावर नोकरीला होते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. काका त्याआधीच निवृत्त झाले होते, पण नाका त्यांच्या अंगातून गेला नाही.

“काय आहे बॅगेत?”

“काही नाही.”

“‘काही नाही’ म्हणणाऱ्यांचेच ट्रक मी जन्मभर उघडले, सूनबाई. उघडा.”

उघडली. डांबराच्या दोन गोळ्या आणि लेकाचा एक मोजा निघाला. काकांनी तळावर टकटक केलं, कप्प्यांत हात घालून पाहिलं, अस्तर चाचपलं. मग त्यांचा चेहरा पडला.

“रिकामी आहे.”

“तेच सांगतेय.”

“कपडेसुद्धा भरले नाहीत,” काका वॉचमनकडे बघत हळूच म्हणाले. “एवढा राग.”

मी म्हटलं, “काका, राग नाही. कोलंबियात असं करतात.”

“कोण करतं?”

“घरातले सगळे.”

“घरातले सगळेच निघून जातात?”

“परत येतात ना. चक्कर मारून.”

“मग जातात कशाला?”

“वर्षभर प्रवास व्हावा म्हणून.”

काकांनी बराच वेळ विचार केला. “म्हणजे तुम्हाला जायचंय.”

“हो.”

“एकटीला?”

आता यावर खोटं का बोलू? “हो,” म्हटलं.

झालं. काकांनी मला स्वतःची खुर्ची दिली, वॉचमनला पाणी आणायला पिटाळलं आणि बॅग आपल्या दोन पायांत घट्ट धरली. मग आवाज उतरवून म्हणाले, “आमच्या हिनेसुद्धा एकदा भरली होती बॅग. मी अडवलं नाही. म्हटलं, जा. संध्याकाळी आली परत.”

“का आल्या?”

“शेवटची एसटी चुकली. अजून म्हणते, पाच मिनिटं आधी निघायला हवं होतं.”

यावर काय बोलणार? काकूंना मी जिन्यात रोज बघते. कोथिंबीर निवडतात.

मग काकांनी इंटरकॉम लावला. जपानमध्ये त्या रात्री देवळातली घंटा १०८ वेळा वाजवतात. आमच्या घरचा इंटरकॉमही साधारण तितकाच वाजला. शेवटी नवऱ्याने उचलला. वर टोले सुरू झाले होते आणि त्याच्या तोंडात निम्मं स्पेन होतं. त्यामुळे पलीकडून फक्त “म्फ... हं... म्म्म” एवढंच आलं. काकांनी रिसीव्हरवर हात ठेवला. “रडतायत हो ते.”

हे सगळं चालू असताना मागे क्लबहाऊसमध्ये डीजे बडवत होता, इतका की वॉचमनला ‘पाणी’ हा शब्द खुणेने सांगावा लागला. गेटमधून ओळखपाळख नसलेल्या चार गाड्या आत आल्या. त्यांच्या डिक्क्या कुणी उघडल्या नाहीत. आणि माझा नवरा? तो दर पंधरवड्याला हीच बॅग, हो, हीच, घेऊन पहाटे चारला बडोद्याला निघतो. काका त्याला हात करतात. त्याला आजवर कुणी विचारलेलं नाही की बाबा रे, घरी सगळं ठीक ना? तो निघाला की कामाला निघाला असतो. मी निघाले की माहेरी. मधला एखादा रस्ता आमच्या रजिस्टरात छापलेलाच नाही.

स्कॉटलंडमध्ये बारानंतर घरात पहिलं पाऊल उंच, काळ्या केसांच्या पुरुषाचं पडावं, त्याने येताना कोळसा आणावा, असा संकेत आहे. आमच्या उंबऱ्यावर पहिलं पाऊल पडलं ते बुटक्या, पांढऱ्या केसांच्या काकांचं. त्यांनी कोळसा नाही, मला आणलं. बॅग माझ्या हातात द्यायला ते अजूनही तयार नव्हते. सासूबाईंनी आमटीची वाटी पुढे केली. काकांनी दोन वाट्या संपवल्या, उरलेली द्राक्षं चाखून ‘आंबट आहेत’ असा निकाल दिला आणि नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बाईमाणसाला समजून घ्यावं हो. मी नाही घेतलं.”

नवऱ्याने मान डोलावली. त्याची द्राक्षं केव्हाच संपली होती. तो बोलू शकत होता.

खाली रजिस्टरात नोंद आहे, मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम जाऊन पाहिली: ‘११.५२. बॅग १, रिकामी. कारण: घरगुती.’ तोवर बी विंगमधल्या बायका ‘मन मोकळं कर’ म्हणून येऊन गेल्या. येताना ढोकळा आणला होता, त्यामुळे हाकलताही येईना. मी कोलंबिया म्हटलं की त्या एकमेकींकडे बघायच्या. एकीने जाताना दारात माझा हात दाबला आणि विचारलं, “बॅग मोठी आहे का गं? मला मेमध्ये लागेल.”

बातमी डोंबिवलीला आईपर्यंत पोचायला संध्याकाळ उजाडावी लागली नाही. तिचा फोन आला. मी द्राक्षांपासून सांगायला सुरुवात केली, तर तिने आलिकांतेलाच थांबवलं. म्हणाली, “ते राहू दे. यायचं तर ये, नाही तर नको येऊस. पण आलीस तर माझं मोठं पातेलं घेऊन ये, दिवाळीपासून तुझ्याकडे पडलंय.”