साप चावल्यावर करायचे "सहा उपाय": सहाही चुकीचे

तो मेसेज परत फिरायला लागलाय, "साप चावला तर घाबरू नका, हे करा" वाला. आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: दोन दातांच्या खुणा दिसल्या तरच साप विषारी, वर दोरी करकचून बांधा, चिरा मारून विष ओढून काढा, अमुक पाल्याचा रस पाजा, साप मारून दवाखान्यात न्या, आणि घराभोवती कार्बोलिक ॲसिड शिंपडा म्हणजे साप फिरकत नाही. सहापैकी सहा चूक. एवढा स्कोर काढायलाही मेहनत लागते म्हणा.

खुणांचं आधी घेतो, कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. मण्यार रात्री चावते, बरेचदा जमिनीवर झोपलेल्या माणसाला, आणि दात इतके बारीक की डास चावल्यासारखं वाटतं किंवा काहीच कळत नाही, सूज नाही की आग नाही, माणूस कूस बदलून परत झोपतो. पहाटे पोटात कळा येतात, घरचे म्हणतात ॲसिडिटी असेल, मग पापण्या जड होतात, जीभ अडखळते, गिळता येत नाही, आणि तोवर श्वासाचे स्नायू ढिले पडायला लागलेले असतात. आता बॅटरी घेऊन खुणा शोधा! "तिकोनी डोकं म्हणजे विषारी" हाही त्यातलाच प्रकार. नागाचं डोकं तिकोनी नसतं, मण्यारीचंही नसतं. आणि डोळ्याची उभी बाहुली बघून ठरवायचं म्हणाल तर अजगराची बाहुली उभीच असते, तो बिनविषारी.

दोरी. बरंचसं विष लसिकावाहिन्यांमधून (रक्तवाहिन्यांखेरीज शरीरात द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांमधून) हळूहळू वर सरकतं आणि स्नायू हलले की त्याला जोर मिळतो. म्हणून चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, पळवायचं तर अजिबात नाही. आवळलेल्या दोरीने रक्तपुरवठा तुटतो, घोणस चावली असेल तर तिथलं मांस आधीच खराब व्हायला लागलेलं असतं त्यात ही भर, आणि दोरी एकदम सोडली की अडकलेलं विष एकदम अंगात जातं ते वेगळंच. बांधायच्या ऐवजी काढा: अंगठी, घड्याळ, बांगड्या, पैंजण. चावल्या चावल्या अंगठी सहज निघते, नंतर बोट फुगून ती मांसात रुतते आणि कटरने कापावी लागते.

चिरा मारून ओढण्याचं तर मोजमापच झालंय. 2004 साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात लोकांच्या पायात किरणोत्सारी खूण घातलेलं खोटं विष टोचलं आणि तीन मिनिटांतच सक्शन पंप (ओढून काढायचं यंत्र) लावला. ओढून आलेल्या रक्तात विष किती होतं? टोचलेल्या विषाच्या 0.04 टक्के. पंपाची ही कथा, तर तोंडाने काय ओढणार. त्यात घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर रक्त गोठायची ताकदच जाते. दवाखान्यात कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात, मग नळी तिरकी करतात. एरवी गोळा जमायला हवा, इथे ते पाण्यासारखं वाहतं. अशा माणसाला तुम्ही ब्लेड मारताय.

पाल्याबद्दल लोक भांडायला उठतात, "आमच्या काकांना त्यानंच वाचवलं". असेलही तसं वाटलेलं. पण जगात सापांच्या साधारण 4000 जाती, त्यातल्या विषारी 600 च्या आसपास, आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही, त्याला कोरडा चावा म्हणतात. म्हणजे चावलेल्यातले कितीतरी जण नुसती फुंकर मारली असती तरी वाचलेच असते, श्रेय मात्र पाल्याला. ज्यांच्या बाबतीत पाला फसला ते सांगायला येत नाहीत. आणि रस वाटण्यात गेलेला तासही परत येत नाही.

साप मारायला गेलात तर दुसरा पेशंट तयार. मुंडकं तोडलं तरी ते बऱ्याच वेळानंतरसुद्धा चावू शकतं. लांबून फोटो मिळाला तर घ्या, नाहीतर सोडा, डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतातच.

कार्बोलिक ॲसिडने तुमची कातडी भाजेल, सापाचा भरवसा नाही. साप येतो उंदरांच्या मागे, उंदीर येतात सांडलेल्या धान्यामागे, तिथं झाडू मारा. लाकडांच्या ढिगात न बघता हात घालू नका, रात्री बॅटरी आणि बूट, आणि जमिनीवर झोपत असाल तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून.

मेसेजमध्ये एकच गोष्ट नाही, ती म्हणजे अँटिव्हेनम, जे विषावरचं एकमेव खरं औषध आहे. तेही ज्या सापांच्या विषापासून बनवलं असतं त्यांच्यावरच चालतं. आणि लहान मुलालाही मोठ्याइतकाच डोस लागतो, कारण सापाने मुलाचं वजन बघून विष कमी सोडलेलं नसतं. "पोरगं लहान आहे, अर्धंच द्या" म्हणून डॉक्टरांशी हुज्जत घालू नका. जवळच्या दवाखान्यात आजच फोन करून दोन गोष्टी विचारून ठेवा: अँटिव्हेनम आहे का, आणि व्हेंटिलेटर आहे का. नाही म्हणाले तर कुठे आहे तेही विचारा आणि तो नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका.