ईशान्येचे सात राजे

गेल्या शनिवारी मंडळाच्या सभेत एक सभासद उभे राहिले आणि चष्मा कपाळावर चढवून मला म्हणाले, "संपादक महाशय, सिक्कीमचा राजा मला माहीत आहे. बाकीचे सात कोण?"

साठ-सत्तर माना माझ्याकडे वळल्या. म्हणजे ज्यांच्या वळतात त्यांच्या. मानेला पट्टा असलेले खुर्चीसकट वळले. मी हसलो. ते हसू मला अजून डाचतंय.

आमचं मंडळ म्हणजे निवृत्तांचं अभ्यासमंडळ. अध्यक्ष चार वर्षांपूर्वी मुलीकडे इंग्लंडला गेले होते. तिथे 'युनिव्हर्सिटी ऑफ द थर्ड एज' नावाचा प्रकार पाहून ते भारावून परत आले. मूळ कल्पना फ्रान्समधली, १९७३ साली तुलूझला निघालेली. १९८२ मध्ये ती ब्रिटनमध्ये आली आणि इंग्रजांनी तिच्यातून विद्यापीठच वजा केलं. शिकवणारे निवृत्त, शिकणारे निवृत्त, परीक्षा नाही, पदवी नाही. आता पुण्याच्या माणसाला ऐकायला शिकवण्यासाठी इंग्लंडची गरज नव्हती. वसंत व्याख्यानमालेची सोय न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ सालीच करून ठेवली आहे. अडचण एवढीच की तिथे बोलायला दुसरेच असतात. आमच्या मंडळात प्रत्येकाला बोलायला मिळतं. मग बोललेलं छापून यावंसं वाटतं. म्हणून वार्तापत्र निघालं आणि मी बँकेत होतो, माझं अक्षर चांगलं आहे, या कारणाने मला संपादक केलं. संगणकाच्या काळात अक्षर चांगलं असणं म्हणजे लिफ्टच्या इमारतीत जिना छान चढता येण्यासारखं आहे, पण ठराव एकमताने झाला.

मजकूर कसा येतो ते सांगत बसलो तर हा लेखच वार्तापत्राएवढा होईल. कुणी वहीच्या पानाचा फोटो पाठवतो, त्यात अर्ध्या पानावर त्याच्याच मोबाइलची सावली. कुणी १९९८ सालच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल पाठवतो, ती उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी फारसीसारखं काहीतरी उमटतं. कविता तर न मागता येतात. मागच्या अंकासाठी पावसावर अकरा आल्या, त्यातल्या नऊ 'रिमझिम'ने सुरू होत होत्या. आणि पानं चारच्याच पटीत असतात, हे मी चार वर्षं समजावतोय. कागद मधोमध दुमडून पिना मारायच्या, म्हणजे १२ किंवा १६, मधलं काही नाही. तरी कोशाध्यक्ष दर महिन्याला विचारतात, "एक पान वाढवायला काय हरकत आहे?" एक पान वाढवलं तर त्याची दुसरी बाजू काय हवेत लोंबणार आहे का? असो. रक्तदाबाची गोळी आत्ताच घेतली आहे.

तर मुद्द्याचं. अंक लावायला मी ज्या दुकानात जातो तो दहा बाय आठचा गाळा आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन, पॅनकार्ड, भाडेकरार, लग्नपत्रिका आणि कोपऱ्यात संगणकावर बंटी. बंटीचं खरं नाव वेगळं आहे, ते त्यालाही फॉर्म भरतानाच आठवतं. मी त्याच्या शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून शेवटची नजर फिरवत होतो. मागे आधार कार्डाची झेरॉक्स काढायला एक गृहस्थ उभे होते. डोक्यावर हेल्मेट. ते त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही, फक्त काच वर केली होती. त्यामुळे आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"साहेब, तो य काढा."

मी वळून पाहिलं. "कोणता य?"

"जेष्ठमधला. जास्तीचा हाय."

हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून मी जन्मभर वाट पाहत होतो. मी स्टूल वळवलं, कवळी नीट बसवली आणि म्हणालो, "अहो, मूळ संस्कृत शब्द आहे. ज्य अधिक इष्ठ, ज्येष्ठ. वृद्ध शब्दाच्या जागी ज्य येतो, असा पाणिनीचा आदेश आहे."

"कुणाचा आदेश?"

"पाणिनीचा."

"पुण्यातच असतात का?"

"नाही. गेले ते."

"अरेरे. कधी?"

"झाली दोन-अडीच हजार वर्षं."

हेल्मेट क्षणभर खाली झुकलं. दुखवटा पाळून झाल्यावर पुन्हा वर आलं. "साहेब, मी पेंटर. चाळीस वर्षं पाट्या रंगवल्या. धायरीपासून कात्रजपर्यंत जेष्ठ नागरिकांच्या अकरा पाट्या माझ्या हातच्या. एकीवर पण य नाय."

"मग कुणी तक्रार केली नाही?"

"केली ना. एक जण म्हणला, निळा रंग फिका पडला."

बंटी हसला. मी त्याच्याकडे रागाने पाहिलं, पण त्याचं लक्ष हेल्मेटकडे.

"आता बघा," पेंटर पुढे सरकले आणि माझ्या प्रूफवर बोटाने आडवी रेघ ओढली. "पाटी आठ फुटी. वर 'जेष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र'. खाली नगरसेवकाचं नाव, ते सगळ्यात मोठं. त्याच्या वर त्याच्या साहेबांचं. बाजूला फोटोला जागा. मी य घातला, तर नगरसेवकाचा शेवटचा र पत्र्याच्या बाहेर जातो. कोण ऐकून घेणार? तुमचे ते पाणिनी येणार का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

"आणि म्हणून दाखवा ना साहेब. मोठ्यानं. य ऐकू आला तर अकराच्या अकरा पाट्या फुकट परत रंगवतो."

मी म्हटलं. माणसाने म्हणायला नको होतं. "ज्येष्ठ." कवळी नवीन असल्यामुळे 'ष्ठ'ला शिट्टी वाजते. पुन्हा म्हटलं. लग्नपत्रिकेचे नमुने चाळणाऱ्या एक बाई पदर तोंडाला लावून बाहेर गेल्या. बंटीने डोळे मिटून, गाण्याच्या स्पर्धेचा परीक्षक असल्यासारखं ऐकलं आणि निकाल दिला, "नाय आला, काका."

"बघा," हेल्मेट म्हणालं. मग त्यांनी पुरावा म्हणून मोबाइल काढला आणि एकेक पाटीचा फोटो दाखवला. पिवळ्यावर लाल, निळ्यावर पांढरी, एकीवर कोपऱ्यात गुलाबाचं फूल. अक्षर खरंच सुरेख. आठव्या फोटोवर त्यांचा अंगठा सरकला आणि मी म्हणालो, थांबा. हिरवा पत्रा, पांढरं अक्षर, खाली तुटलेली कुंडी. ती आमच्याच केंद्राची पाटी होती. दर शनिवारी चार वर्षं मी तिच्याखालून आत जातोय. 'जेष्ठ'. य नाही.

एवढ्यात अध्यक्षांचा फोन आला. मी रस्त्यावर जाऊन पंचवीस मिनिटं त्यांच्या फोटोविषयी बोललो. डावीकडून काढलेला घालावा की उजवीकडून, हा विषय होता. परत आलो तेव्हा पेंटर गेले होते आणि बंटी वडापाव खात होता. "काका, सगळं ओके. फाइल प्रेसला पाठवली." मी समाधानाने पैसे दिले. वर वडापावचेही दिले.

चौथ्या दिवशी १८० प्रतींचे गठ्ठे आले. मुखपृष्ठावर 'ज्येष्ठांचे वार्तापत्र' व्यवस्थित, य सकट. अंक वाटून टाकले. रात्री जेवणानंतर सहज पान पाच उघडलं, आणि तिथेच बसलो.

झालं होतं असं. बंटीला पेंटरकाकांचं म्हणणं पटलं होतं. ते त्याने अमलात आणलं. 'ष्ठ' टाइप करायचा कंटाळा म्हणून फाइंड-रिप्लेसमध्ये नुसतं 'ज्ये' शोधलं आणि सगळीकडे 'जे' केलं. त्रेचाळीस ठिकाणी. मुखपृष्ठावरचं नाव चित्र म्हणून टाकलेलं असल्यामुळे तेवढं वाचलं. आतले सगळे ज्येष्ठ जेष्ठ झाले, तेही मी सोसलं असतं. पण आमच्या भूगोलाच्या बाईंचा ईशान्य भारताच्या सहलीवर चार पानी लेख होता. बाईंनी साधं बोलीत 'राज्यं' लिहिलं असतं तर निभावलं असतं. पण बाई छत्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या, त्या 'राज्ये'च लिहिणार. आणि 'राज्ये'तला 'ज्ये' बंटीने सोडला नाही.

"ईशान्येकडील ही सात राजे 'सात बहिणी' म्हणून ओळखली जातात."

"मणिपूर, मेघालय व त्रिपुरा ही राजे २१ जानेवारी १९७२ रोजी एकाच दिवशी अस्तित्वात आली."

"बारा दिवसांत आम्ही तीन राजे पाहिली. पैकी मेघालय फारच हिरवेगार होते, मात्र सतत ओले."

"सिक्कीम धरल्यास आठ राजे होतात."

चार पानांत सव्वीस राजे, तेही नपुंसकलिंगी. मला रात्री झोप लागली नाही. सकाळी फोनजवळ बसून राहिलो, म्हटलं आता सुरू होईल. झालंही सुरू. पहिला फोन: माझा कान कापलाय फोटोत. दुसरा: माझी कविता छत्री हरवल्याच्या सूचनेशेजारी का? तिसरा: वाढदिवसांच्या यादीत माझं वय एकाने जास्त छापलं. चौथा पुन्हा कानवाल्यांचाच, कान डावा होता हे सांगायला. संध्याकाळपर्यंत सात फोन, राजांबद्दल एकही नाही. खुद्द बाईंनी फोन करून सांगितलं, "लेख अगदी जसाच्या तसा छापलात, आभारी आहे."

इथे माझं हसू संपतं, क्षमा करा. या अंकाचं प्रूफ, बंटीचा हात लागण्यापूर्वीचं, मी कार्यकारिणीच्या सातही जणांना मोबाइलवर पाठवलं होतं. चार मिनिटांत सात अंगठे आले. सोळा पानं, चार मिनिटं, सात अंगठे! मंडळाची स्थापना कशासाठी, तर आजन्म शिकण्यासाठी. मी महिन्यातले नऊ दिवस यात घालतो, रिक्षाचे पैसे खिशातले जातात, आणि लोक अंक हातात घेऊन आधी स्वतःचा फोटो शोधतात, मग बोट लावून नाव वाचतात, मग अंक पंख्यासारखा हलवतात. कागद ८० जीएसएमचा घेतो, वारा चांगला येतो.

तर शनिवारी अखेर एकाने वाचलं. बाकीचे सात कोण? मी उठून सांगणार होतो की हा बंटीचा य आहे, पण आमचे इतिहासवाले माझ्याआधी उठले. "प्रश्न अज्ञानातून आला आहे," ते म्हणाले. "मणिपूर आणि त्रिपुरा ही संस्थानंच होती. १९४९ साली विलीन झाली. सिक्कीमचा चोग्याल १९७५ पर्यंत गादीवर होता. तेव्हा राजे होते, यात शंका नाही."

"पण सात?" प्रश्नकर्ते सोडेनात.

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाईंनी अंक उघडला. पाच नंबरच्या पानावर त्यांची नजर थांबली, ओठ हलले, कानाची पाळी लाल झाली. छत्तीस वर्षं वर्गासमोर उभी राहिलेली बाई. अंक शांतपणे मिटला आणि म्हणाल्या, "मी स्वतः जाऊन आले आहे. तुम्ही गेला आहात का?"

टाळ्या पडल्या. पुढच्या महिन्यात 'ईशान्येचे राजे' या विषयावर इतिहासवाल्यांचं व्याख्यान ठरलं. मी दोनदा हात वर केला. अध्यक्षांना वाटलं मला चहा हवाय.

तरी मी शुद्धिपत्रक छापायचं ठरवलं. बंटीकडे गेलो. तो खरंच ओशाळला होता. "काका, आता सगळीकडे य घालतो," म्हणाला आणि मी थांब म्हणायच्या आत कळ दाबली. पडद्यावर उमटलं: 'ज्येष्ठ'ऐवजी 'ज्येष्ठ' असे वाचावे. 'राज्ये'ऐवजी 'राज्ये' असे वाचावे. मी स्टूल ओढून स्वतः एका बोटाने टाइप केलं, दहा वेळा वाचलं, १८० चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि चिटणिसांकडे नेल्या. त्यांनी चिठ्ठी लांब धरून वाचली आणि मला परत दिली. "आता कशाला? भर सभेत टाळ्या घेतलेल्या बाईंना खोटं पाडायचं का?"

गठ्ठा घरी फ्रीजवर पडून आहे. पाठकोरे कागद म्हणजे आमच्या घरात खजिना. काल संध्याकाळी बायकोने त्यातली एक चिठ्ठी पिशवीबरोबर माझ्या हातात दिली. मागच्या बाजूला तिच्या ठसठशीत अक्षरात यादी होती: मूगडाळ अर्धा किलो, खडा हिंग, सुंठ, जेष्ठमध.