फळ्या उन्हात नको, सावलीत रचा

तुमच्या लेखातला घरच्या आंब्याच्या लाकडाचा दिवाण झकास झालाय, पण ‘फळ्या गच्चीवर कडक उन्हात टाका, महिन्यात वाळतात’ हा त्यातला सल्ला पटला नाही. नाशिकच्या एप्रिल-मेच्या उन्हात वरचा थर सुकून आवळतो, आतला ओलाच राहतो. मग फळी तडकते, पिळते. सावली हवी, वारा खेळता हवा. टोकांतून पाणी सगळ्यात वेगाने उडतं, म्हणून कापल्या दिवशीच तिथे उरलासुरला ऑइलपेंट फासायचा. दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, त्याही वरपासून खालपर्यंत एका रेषेत, आणि सगळ्यात वर दगड. इंचभर जाडी वाळायला ढोबळमानाने वर्ष धरा. बाभळीसारख्या घट्ट लाकडाला त्याहून जास्त.

आंब्याचं खोड मात्र मळ्यात पडून राहू देऊ नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही! निळे-काळे डाग पडतात, भुंगेरे पोखरतात. लगेच सॉ मिलला न्यायचं.

आणि झाड तोडण्याच्या परवानगीबद्दल लेखात अवाक्षर नाही. आंबा, साग, चिंच, जांभूळ आपल्याच बांधावर असले तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. शहरात १९७५ चा वेगळा कायदा, तिथे महापालिकेकडे अर्ज.