‘मधले जीवाश्म सापडलेच नाहीत’ हा दावा चुकीचा आहे

‘एका प्राणिगटातून दुसरा गट निर्माण झाल्याचा एकही मधला जीवाश्म जगात नाही,’ असा मेसेज सध्या फिरतोय. हे खरं नाही. जमिनीवरच्या चार पायांच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झालेल्या देवमाशांचंच उदाहरण घ्या.

सुमारे 5 कोटी वर्षांपूर्वीचा पाकिसेटस चार पायांवर चालायचा, पण त्याच्या कानाचं जाड हाड देवमाशांच्या वळणाचं. त्यानंतरच्या अँब्युलोसेटसचे मागचे पंजे पोहण्याजोगे मोठे. आपल्या कच्छमध्ये सापडलेल्या कच्छीसेटसचे पाय आखूड, शेपूट लांब आणि दणकट. इजिप्तच्या वाळवंटातला बॅसिलोसॉरस तर पूर्ण समुद्रवासी. तरीही त्याला मागचे पाय होते! गुडघा, घोटा, बोटं, सगळं जागच्या जागी. फक्त इतके इवलेसे, की एवढ्या अवाढव्य देहाचा भार त्यांना पेलणं अशक्यच.

पाकिस्तानातल्या प्राचीन देवमाशांच्या घोट्याची हाडं 2001 साली प्रकाशात आली. दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेलं हे हाड गाय, हरीण, डुक्कर यांच्या गटाची खूण आहे. याच गटातला पाणघोडा देवमाशांचा जवळचा नातलग, हे डीएनएनं आधीच सुचवलं होतं.

मात्र हे जीव एकमेकांचे थेट आजोबा-पणजोबा समजू नयेत. त्या एकाच कुळाच्या वेगवेगळ्या फांद्या आहेत.