मामा, वणव्याचा हिशेब शून्य होत नाही

'आफ्रिकेत दरवर्षी लाखो एकर गवत पेटतं, तरी तिथली हवा आपल्यापेक्षा स्वच्छ. जितका कार्बन धुरात जातो तितका पुढच्या पावसात गवत परत ओढून घेतं. हिशेब शून्य! वर राखेचं खत फुकट.' हा मेसेज तीन ग्रुपांवर पाहिला आणि सोडून दिला. काल मामांनी तोच पाठवला, खाली लिहून: 'यंदा माळ पेटवायचाच.' आता गप्प बसवेना.

आधी ते शून्य. कार्बन डायऑक्साइडपुरतं ते बरंचसं खरं आहे, मान्य. पण धुरात तेवढंच असतं का? जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या आंद्रेए आणि मर्ले यांनी २००१ साली जगभरची मोजमापं एकत्र मांडली. सव्हानातलं, म्हणजे तुरळक झाडांच्या गवताळ माळरानातलं, किलोभर वाळलेलं गवत जळलं की सुमारे १६०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. (किलोतून दीड किलो कसा, म्हणाल, हवेतला ऑक्सिजन त्यात मिसळतो.) सोबत ६५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड, दोनेक ग्रॅम मिथेन, चारेक ग्रॅम नायट्रोजनची ऑक्साइडं. हा मिथेन पुढच्या वर्षीचं गवत परत घेत नाही. तो दहाएक वर्षं हवेत राहतो. मोनॉक्साइड टिकतो महिना-दोन महिने, पण तेवढ्यात वाऱ्यावर समुद्र ओलांडतो. आणि उन्हात या मंडळींपासून ओझोन तयार होतो. आभाळात उंचावर आपल्याला राखतो तोच वायू, पण खाली आला की छातीला बाधतो.

'तिथली हवा स्वच्छ' म्हणे! सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिकडच्या वणव्यांच्या मोसमात, आफ्रिकेतला अंगोला आणि ब्राझील यांच्या मधल्या भर समुद्रावर ओझोन साचलेला उपग्रहांना दिसला. तिथे ना कारखाना ना गाडी. म्हणून तर १९९२ च्या सप्टेंबरात शास्त्रज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात मुद्दाम गवत पेटवून धूर मोजला.

आगीमुळे सव्हानात झाडी माजत नाही, हेही खरं. पण क्रूगरमध्ये कुठला तुकडा, कधी, कुठल्या वाऱ्याला पेटवायचा हे ठरवून करतात. मामा काडी ओढतात आणि चहाला जातात.

राहिलं खत. राखेत पोटॅश उरतं, चुना उरतो. गवतातला नत्र मात्र बहुतेक वायू होऊन उडून जातो. मामा, शेताला युरियाची गोणी विकत आणायची आणि माळावरचा नत्र आपल्याच हाताने पेटवून द्यायचा?